कलमाखालचं रान

मृदुलाने चाळिसाव्या झाडाचं पान वाण ओळखणाऱ्या यंत्रात घातलं. यंत्र चाळिसाव्यांदा तेच म्हणालं, "दालचिनी. झाड क्रमांक एक."

"गवसकाका, चाळीस रानांतली चाळीस रोपं सांभाळायला दिली होती तुम्हाला! ती रानं आता उरली नाहीत. बागांमधली दालचिनी एकाच वाणाची होती, म्हणून एकाच रोगाने देशभर मेली. आणि इथेही सगळी एकसारखीच?"

राखणदार गवसकाका खुशीत हसले. "अहो बाई, काही तुरट निघाली, काहींना वासच नव्हता. मग सगळ्यात चांगल्या झाडाची कलमं सगळ्यांवर बांधली. एकही फुकट गेलं नाही!"

मृदुलाने कपाळावर हात मारला. मग एकदम खाली वाकून ती बुंधा पाहू लागली. कलमाखालचं खोड तर अजून मूळ रानातलंच होतं!

"काका, इथून खालून फुटवे येतात?"

"येतात ना मेले, दर आठवड्याला! पण मी एक ठेवत नाही. तुम्ही येणार म्हणून सकाळीच सगळे साफ केले."

मृदुलाने डोळे मिटून घेतले आणि हात पुढे केला.

"कमरेचा कोयता द्या. फुटवे हातभर वाढले की परत मिळेल."