मोहरीएवढा ठिपका

गौरीशंकर स्वामींनी रिकामं पाकीट उजेडाकडं धरलं, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. शिवकांता पदराचं टोक मुठीत आवळून त्यांच्या तोंडाकडं बघत उभी होती. भिंतीला टेकून तिची सासू गंगम्मा बसलेली. परवापासून म्हातारीच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

झालं होतं एवढंच, की रुद्रेशनं पुण्याहून येताना आजीसाठी कबाब आणले. सोयाबीनचे आहेत, मऊ आहेत, दात नसले तरी चालतंय, असं आईला सांगून पोरगा दुसऱ्या दिवशी नोकरीवर परत गेला. शिवकांतानं तळून वाढले. म्हातारीनं मिटक्या मारत खाल्ले, वर अजून मागून घेतले. मग केर भरताना तिला पाकिटावरची कोंबडी दिसली. शेजारच्या सुनेनं ठळक अक्षरं वाचून दाखवली, चिकन. नाव कोंबडीचं, चित्र कोंबडीचं आणि आत भरायचं सोयाबीन! असलं सोंग करायची काय हौस असते लोकांना, कुणास ठाऊक.

तेव्हापासून म्हातारीनं गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं नव्हतं. बाटलेल्या तोंडानं पूजा कशी करू, म्हणाली. आणि पूजेशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. शिवकांतानं परोपरीनं समजावलं, रुद्रेशला फोन लावून दिला, आपल्या वावरात पिकतं तेच सोयाबीन आहे म्हणून शपथा घेतल्या.

"आपलं सोयाबीन कधी कोंबडीचं नाव घेऊन घरात आलंय का?" म्हातारी म्हणाली. "चुकून खाल्लं असतं तर शिवाला तसं सांगितलं असतं. म्या मागून खाल्लं, बाई."

शिवकांताचा शब्द तिथं चालेना. म्हणून तिनं स्वामींना बोलावून आणलं. त्यांच्या शब्दाबाहेर म्हातारी कधी गेली नव्हती.

"हे बघा, सापडलं," स्वामी म्हणाले. पाकिटाच्या कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा ठिपका होता, आणि त्याखाली डोळे फोडून वाचावं अशा बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे वनस्पतीपासून केलेलं आहे. "गंगम्मा, यात मांस न्हाय. तुमचा आचार मोडला न्हाय. उठा, पूजा करा."

म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिचा हात हळूहळू छातीवरच्या लिंगाकडं गेला. शिवकांताचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसतच ती आत पळाली आणि स्वामींसाठी दुधाचा, वेलदोडा घातलेला चहा करून घेऊन आली.

स्वामींनी पाकीट खाली ठेवलं, बोटं उपरण्याला पुसली. त्यांची नजर आतल्या चुलीकडं, शेजारी उपडी घातलेल्या, कबाब तळलेल्या कढईकडं गेली. आताच चहा घेऊन निघालो होतो, म्हणाले. मग पाणी तरी घ्या, असं शिवकांता म्हणाली, तर तहान न्हाय, म्हणाले. उन्हातून चालत आले होते, मानेवरून घाम ओघळत होता. एरवी या घरातून ते जेवल्याशिवाय हलत नसत.

चपला पायात घालून ते निघून गेले. शिवकांता कप हातात धरून दारात तशीच उभी राहिली. वळून बघायचं तिला भ्या वाटलं.

शेवटी वळली. म्हातारीचा हात लिंगावरून खाली येऊन मांडीवर पडला होता. चहावर साय धरत होती.

"स्वामींचं काय बी चुकलं न्हाय," गंगम्मा म्हणाली. "तो च्या तू पी. तू बी परवापासून उपाशीच हायेस."