झोपलेलं भूत

“मले बराबर श्वास घेता येते मॅडम, तुमी बांधा बिनधास्त,” चादरीच्या आतून देवमन म्हणाला. रोज शाळेची व्हॅन चालवणारा देवमन आज भूत झाला होता. दोन बाकं जोडून त्याला आडवं केलं होतं.

रश्मी मॅडमनं त्याच्या डोक्यावर चादरीची गाठ मारली, पायाशी दुसरी मारली. अकोटात हॅलोविन म्हणजे नसतं झेंगट. पण वरून हुकूम आला होता, साजरा करा आणि फोटो पाठवा. बालवाडीतली चौदा लेकरं, कोणी तीन वर्षांचं, कोणी चार. रश्मीनं आठ दिवस डोकं खपवलं होतं. मेणबत्त्या नकोत, हात भाजतील. नायलॉनचा झगा नको, पेट घेतो. मुखवटा नको, पोरं रडतील. म्हणून मग सुती चादरीतलं पांढरं भूत, आणि तेही झोपलेलं. पोरांनी हळूच त्याच्या पायाला गुदगुल्या करायच्या, भूत उठून बसेल, मग आया दुर्गाबाई खाऊ देईल.

“जित्या माणसाले असं बांधून निजवू नये बाई,” दुर्गाबाई कुरकुरली.

“खेळ आहे हो मावशी,” रश्मी म्हणाली. तिला घोर होता तो एकट्या तुबाचा.

तुबाचा बाप वीस दिवसांमागे मोटारसायकलवरून पडून गेला. आई परवीन नवऱ्यामागची इद्दत पाळत होती, चार महिने दहा दिवस ती घराबाहेर निघणार नव्हती. त्यामुळे पोरीला आणायचे तिचे आजोबा, गेलेल्याचे वडील अब्दुल गफ्फार. आज सकाळी ते दारातच घुटमळले.

“मॅडम, घरी कोणीच हासून नाही राहिलं. पोरगी तं हासणंच विसरली. इथं तरी हासू द्या तिले. फक्त भेव दाखवू नका.”

एवढं बोलून ते घरी गेलेच नाहीत. वर्गाबाहेरच्या बाकावर बसून राहिले.

रश्मीनं तुबाला रांगेत शेवटी ठेवलं, हात धरून. आधी बाकीची पोरं हसताना पाहील, मग भीती राहणार नाही. प्रीतमनं पहिली गुदगुली केली. भूत “हूऽऽ” करत खडबडून उठलं. पोरं हसून हसून लोळली. भूत पुन्हा झोपलं, पुन्हा उठलं, असं तेरा वेळा झालं.

तुबाची पाळी आली. तिनं रश्मीचा हात सोडवला. पायाकडे ती गेलीच नाही. उशाकडे गेली आणि चादरीवरून हळूच गालाला हात लावला. आता काय नवी खोडी, असं वाटून देवमन उठून बसला.

तुबा हसली. चांगली खळखळून हसली. रश्मीचा जीव भांड्यात पडला.

मग पोरगी बाकावर चढली आणि तिनं चादरीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

“अब्बू, उठ गए? अम्मी तो बोली, अब कभी नहीं उठेंगे!”

रश्मीनं चादरीकडे पाहिलं. पांढरी सुती चादर, डोक्यावर गाठ, पायाशी गाठ. वीस दिवसांमागे या पोरीनं बापाला कफनात असंच पाहिलं असणार. एवढा विचार केला आणि नेमकं हेच सुचलं नाही! आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

“देवमनदादा, तोंड दाखवा तिला,” रश्मी कशीबशी म्हणाली आणि गाठ सोडायला पुढं झाली.

“थांबा मॅडम.”

अब्दुल गफ्फार चपला दाराशी काढून आत आले होते. त्यांची नजर चादरीवरून हलत नव्हती.

“नका सोडू,” ते म्हणाले. “मलेबी जरा भेटू द्या.”