डिशमधले डॉक्टर

"अजून डावीकडे वळवायची का?" दिनानाथ साहेबांनी खालून विचारलं.

"डिश राहू द्या साहेब, गाडीच त्या आंब्यापासून पुढे घ्यायला सांगा," बसच्या टपावरून अस्मिता ओरडली. "झाड मध्ये आलं की सिग्नल मेलाच म्हणून समजा."

ड्रायव्हरने बस चामटोलीच्या मोकळ्या माळावर नेली. मीटरचा काटा वर चढला तेव्हा कुठे अस्मिता घाम पुसत खाली उतरली.

ही बस म्हणजे कारखान्याच्या मालकांची हौस. सहलीला जायचं म्हणून उल्हासनगरहून खास बॉडी बांधून आणलेली. आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडक्यांना मखमली पडदे. नव्याची नवलाई संपली आणि गाडी अंबरनाथ एमआयडीसीतल्या शेडमध्ये धूळ खात पडली. आता अचानक मालकांना कामगारांचा कळवळा आला होता. टपावर डिश, आत कॉम्प्युटर आणि कॅमेरा. गाडी कामगारांच्या गावोगाव फिरणार आणि मुंबईचे मोठे डॉक्टर त्यांना पडद्यावर बघणार. दिनानाथ साहेब कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर. त्यांनी हे काम अस्मिताच्या डिश बसवणाऱ्या फर्मला दिलं आणि अस्मिताने ते हट्टाने स्वतःकडे मागून घेतलं.

कारण तिचे बाबा. धर्मराजांची उमर याच कारखान्यात दगड दळण्यात गेली होती. घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. आता खोकल्याने ते दोन घास सलग खाऊ शकत नव्हते. सरकारी दवाखान्यातल्या टीबीच्या गोळ्यांनी काडीचा फरक पडला नव्हता. त्यांच्याच खात्यातला शेजारचा बबन असाच खोकत खोकत गेला. बबनची बायको विठा कंपनीविरुद्ध कोर्टात उभी राहिली, आणि धर्मराजांनीही तिच्यासोबत केस टाकली. पण अस्मिताचा कोर्टकचेरीवर भरवसा नव्हता. तिला बाबा जिवंत हवे होते, बस.

"विठा सांगत होती, गाडीत चढू नका म्हणून," घरी बाबा म्हणाले.

"विठाकाकूचं दुःख मला कळतं, बाबा. पण कोर्टाचा निकाल येईपर्यंत तुमची छाती थांबणार आहे का? डॉक्टर तर डॉक्टरच ना? फक्त एक करा. दगडाच्या भुकटीचा विषय काढू नका. गाडी त्यांची, डॉक्टर त्यांनी आणलेले. जरा गोड बोललात तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवतील."

"म्हणजे खोटं बोलू?"

"त्यांच्या मनासारखं बोला."

"अडला हरी," बाबा म्हणाले. पुढची म्हण खोकल्यात बुडाली.

मखमली पडदे ओढून बाबांना पलंगावर बसवलं. समोरचा कॉम्प्युटरचा पडदा थोडा थरथरला आणि चष्मा लावलेले एक गोरेपान गृहस्थ दिसू लागले. मागे छतापर्यंत कपाट, त्यात जाडजूड पुस्तकांच्या रांगा. बाबा बघतच राहिले.

"केवढं शिकलेत बघ," ते कुजबुजले. मग त्यांनी हात जोडले. "जयभीम, डॉक्टर साहेब."

आवाज वर आकाशात जाऊन परत यायचा, म्हणून उत्तर जरा उशिरा आलं. "नमस्कार, नमस्कार. बसा, धर्मराज. खोकला फार आहे का?"

"आहे, साहेब."

"विडी ओढायचात?"

बाबांनी अस्मिताकडे पाहिलं. तरुणपणी दोस्तांच्या नादाने ओढली असेल एखाददुसरी. अस्मिताने हलकेच होकारार्थी मान हलवली.

"ओढायचो, साहेब."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

"मग कामाला लागायच्या आधीपासूनच छाती भरत असेल."

"हो, साहेब."

"कंपनी तोंडाला बांधायला मास्क द्यायची ना?"

वर्षाकाठी एक फडकं मिळायचं, तेही भांडून. "द्यायची, साहेब. आम्हीच आळशी."

"आणि तो तुमचा बबन? तोही ओढायचा?"

बाबांनी पुन्हा अस्मिताकडे पाहिलं. बबनने सुपारीच्या खांडालाही कधी हात लावला नव्हता. अस्मिताने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि किंचित दाबला. त्या क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. पण बापाच्या जिवापुढे तिने ती गिळली.

"ओढायचा," बाबा म्हणाले.

"रेकॉर्डिंग नीट होतंय ना?" दिनानाथ साहेबांनी मागून विचारलं. "पुन्हा बघायला लागतं त्यांना."

"होतंय, साहेब," अस्मिता म्हणाली.

"मग डॉक्टर साहेब, औषध?" बाबांनी विचारलं.

"कळवतो. जपा तब्येतीला."

पडदा काळा झाला. बाबा मात्र खुशीत होते. घरी जाईपर्यंत एकच घोकत होते. "इतक्यांनी तपासलं मला, पण बबनची चौकशी करणारा हा पहिलाच. माणूस देव आहे गं."

हॉस्पिटलचा फोन काही आला नाही. अस्मिता दिनानाथ साहेबांना विचारायची, ते म्हणायचे, रिपोर्ट बनतोय. पावसाळा सरला तोवर बाबांना जिना चढवेना. आणि अशातच ठाण्याच्या कोर्टाची तारीख लागली.

लेकीच्या खांद्याचा आधार घेत बाबा कोर्टाच्या खोलीत येऊन बाकावर टेकले. शेजारी विठा बसली होती, मांडीवर पिशवी गच्च धरून. ती बाबांकडे पाहून हसली. बाबांना तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात दारातून चष्मा लावलेले ते गोरे गृहस्थ आत आले. बाबांचा चेहरा एकदम उजळला.

"अस्मे, बघ, आपले डॉक्टर! स्वतः आलेत गं! विठा, हेच ते. आता हे सांगतील सगळं." बाबा धडपडत उठले आणि त्यांनी हात जोडले. "जयभीम, डॉक्टर साहेब."

"नमस्कार, नमस्कार," ते म्हणाले, हातावरचा काळा कोट त्यांनी अंगात चढवला आणि दिनानाथ साहेबांच्या पुढ्यात, कंपनीच्या वकिलाच्या जागेवर जाऊन बसले.