गमबुटांचा जोड

"टोपी, पट्टा, काठी, रेनकोट. गमबूट कुठायत?" पोलीस ठाण्याच्या कारकुनानं विचारलं.

पुराच्या बंदोबस्तानंतर वारलेल्या हवालदार घोलपांचं सरकारी सामान जमा करायला त्यांची बायको आली होती. तिनं पिशवी पुन्हा झटकली. "घरात नाहीत ओ साहेब."

मी, नवी कॉन्स्टेबल, गाळ उपसून नुकतीच आत आले होते. घोलपकाका तीन दिवस साध्या चपलेवर घाण पाण्यातून माणसं काढत राहिले. टाचांच्या भेगांतून लेप्टोचे जंतू शिरले. नवव्या दिवशी गेले.

मी पायातले गमबूट काढून टेबलावर ठेवले. "काकू, हे त्यांचेच. माझ्या पायाला जखम होती म्हणून त्यांनी मला घालायला लावले."

कारकुनानं यादीत खूण केली.

काकू खाली बसल्या. माझं पाऊल मांडीवर घेऊन त्यांनी तळवा नीट निरखला.

"भरली का गं जखम?"