चैतीच्या हातातला प्लग

दुपारी वीज कडाडली आणि जव्हारच्या माझ्या फॉर्म भरायच्या दुकानातला कम्प्युटर बंद पडला. त्याच्या पॉवर सप्लायला, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याला, जळका वास येत होता. समोर बसलेल्या चैतीचा नर्सिंगचा फॉर्म पाचला बंद होणार होता, तिची सगळी कागदपत्रं त्याच कम्प्युटरमध्ये होती आणि साडेचार वाजले होते.

“दादा, चालंल ना तो परत?” तिने तिसऱ्यांदा विचारलं. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

मी सप्लाय बाहेर काढला, तो नुसता चालतो का बघायला त्याची हिरवी आणि काळी वायर पिनेने जोडली आणि प्लग भिंतीत खोचला. काहीच झालं नाही. वैतागून प्लग उपटला, तर सप्लायचा पंखा फिरायला लागला.

प्लग माझ्या मुठीत होता. खाली ठेवला, पंखा थांबला. पुन्हा धरला, पुन्हा फिरला.

“धोका नाय ना?” चैती म्हणाली.

“भिंतीला तरी नाही.”

माझी बोटं गार पडत चालली होती. तिने प्लग ओढून घेतला. “मी धरते. तू टाइप कर.”

सप्लाय जोडताच कम्प्युटर सुरू झाला, एरवीपेक्षा लवकर. चैती आधी बोलत होती, मग नुसतं हं म्हणत होती, मग तेही थांबलं. चार अठ्ठावन्नला फॉर्म गेला.

“सोड आता.”

तिने प्लग जमिनीवर टाकला. पंखा फिरतच राहिला, तिच्या श्वासाबरोबर कमीजास्त होत.

मी सप्लायच्या मागच्या बटणाकडे हात नेला. चैतीने गार पडलेल्या बोटांनी माझं मनगट धरलं.

“थांब दादा,” ती म्हणाली, “आधी मला बसू दे.”