नकाशातला पाइप

नळांच्या नोंदी वाचून यंत्र जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा काढायचं. आज त्यानं दोन शेजारघरांमध्ये चोरून जोडलेला पाइप दाखवला होता. पाणी कधीही सुटो, हेमलताबाईंचा नळ वाहू लागला की मिनिटाच्या आत त्यांच्या धाकट्या जावेचा, शर्मिलाबाईंचा नळ उघडायचा.

पाणीपुरवठा खात्याची ऋजुता तो पाइप तोडायला आली. अंगण खणून घेतलं, पण खाली नुसती मातीच होती.

"आमच्यात कसला आलाय पाइप?" हेमलताबाई फणकारल्या. "वाटण्या झाल्यापासून नऊ वर्षं बोलणं नाही."

इतक्यात नळ फसफसला. त्यांनी सवयीनं बत्ता उचलून मधल्या भिंतीवर तीनदा आपटला आणि नळाखाली कळशी लावली.

ऋजुता धावतच पलीकडे गेली. शर्मिलाबाई पाणी भरत होत्या. दोनदा हाक मारूनही त्यांनी वळून पाहिलं नाही. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा त्या दचकल्या.

"ऐकू येत नाही गं मला."

"मग पाणी आलेलं कसं कळतं?" ऋजुतानं कानाशी ओरडून विचारलं.

त्यांनी मधल्या भिंतीलगतच्या पाटाकडे बोट दाखवलं. "सकाळपासून तिथं भिंतीला पाठ टेकून बसते."

ऋजुतानं अहवालात लिहिलं : जोडणी आहे. तोडू नये.