बेसिनची पूजा

आणखी एक बूच उडालं. ते छताला आपटून चिंतामणरावांच्या टोपीवर पडलं आणि बाटलीतलं संत्र्याचं सरबत फेस काढत टेबलावरून खाली वाहू लागलं. समोर म्युनिसिपालिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर महादेवराव उभे. आता बोला.

"अकोल्याहूनही तक्रार आलीय," महादेवराव म्हणाले. "कारण सापडलं नाही, तर आज संध्याकाळी कारखान्याला कुलूप लावावं लागेल."

चिंतामणरावांनी टोपीवरचं बूच झटकलं. वडिलांची चालती वकिली सोडून त्यांनी अमरावतीत हा कारखाना काढला होता, आणि तो कधी बुडतो याचीच घरचे वाट बघत होते. बरं, चुकतंय कुठं तेच कळेना. मागच्या हंगामात एक बाटली नासली नव्हती. तेव्हा तर संत्री सोलायला येणाऱ्या बाया अंगणात, विहिरीजवळच्या दगडी डोणीवर हात धुऊन आत येत. महादेवरावांनीच नाक मुरडलं होतं. हे चालायचं नाही, आत नळाखाली बेसिन बसवा, म्हणाले. चिंतामणरावांनी मुंबईहून पांढरंशुभ्र चिनी मातीचं बेसिन मागवलं. डोणी उखडून फेकली. दसऱ्याला वजनकाट्याची पूजा केली, तशी बेसिनचीही केली, नारळ फोडला, बायांना चार शब्द सांगितले. आणि स्वच्छता घरात आली तसं सरबत नासायला लागलं. औषध घेतलं अन् ताप चढला, अशातली गत.

दोघांनी सगळं पुन्हा तपासलं. संत्री ताजी, मोर्शीकडच्या बागेतली. साखर चोख. पातेल्यांना कल्हई नवी. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या, शेवटी हौदाच्या पाण्यात विसळलेल्या. हौदात पाणी नळाचंच. महादेवराव डोकं खाजवत राहिले. बेसिन त्यांच्याच हुकमानं आलेलं, तेव्हा त्यांचंही तोंड कडूच झालं होतं.

"निदान बेसिन तरी बघा," चिंतामणराव म्हणाले. त्याचा त्यांना फार अभिमान.

बेसिन लखलखत होतं. काठावर कुंकवाची बोटं, नळाला झेंडूची वाळकी माळ. आत एक शिंतोडा नाही. महादेवरावांनी साबणाची लाल वडी उचलली आणि खिडकीशी नेली. वडीवरची अक्षरं दुकानातून आणली तशीच होती.

"तुमच्या बाया हात धुतात का हो?"

आता मात्र चिंतामणराव चिडले. त्यांनी संत्री सोलणाऱ्या गंगूबाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली.

"गंगूबाई, खरं सांगा. कामाला बसण्याआधी हात धुता की नाही?"

"धुतो जी. साऱ्याजणी धुतो. कोनी चुगली केली?" तिला रागच आला.

"कुठे धुता?" महादेवरावांनी विचारलं.

तिनं बाटल्या विसळायच्या हौदाकडे बोट दाखवलं. नेमकी तेव्हाच माणिकबाई गाडीवरच्या टोपल्या उतरवून आली होती आणि मातीनं भरलेले हात कोपरापर्यंत हौदात बुडवून खळखळ धूत होती. शेजारी विसळलेल्या बाटल्यांची रांग.

चिंतामणराव मटकन खोक्यावर बसले. "अहो बाई, मग हे बेसिन मी कशासाठी आणलं?"

गंगूबाई गोंधळली. मालकाची परीक्षा आहे की थट्टा, तिला उमगेना. तिनं आधी महादेवरावांकडे पाहिलं, मग माळ घातलेल्या नळाकडे, आणि सवयीनं हात जोडले.

"मालक, पूजेच्या दिवशी तुमीच त सांगतलं, हे आपलं दैवत हाये, याले घानेरडे हात लावू नका. मनून त आमी अगोदर हौदात हात धुतो, मंग याच्या पाया पडतो."